चाकरमानी म्हणतात मुंबई, डॉक्टर म्हणतात गोवा नाहीतर कोल्हापूर... बाबांना न्यायचं कुठे?

पत्र:

सिस्टर, नमस्कार. मी पुण्यात नोकरीला, घर कुडाळच्या बाजूला. बाबा ५९ वर्षांचे. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं, सगळे म्हणाले पित्त असेल, सोलकढी दिली. दोन तासांनी सरकारी हॉस्पिटलात नेलं, ईसीजीत अटॅक निघाला, गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं आणि डॉक्टर म्हणाले आता बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला हलवू, मी बोलतो तिकडे. पण मुंबईहून आलेले काका आणि आतेभाऊ म्हणाले, गोव्यात आपल्याला कोण विचारणार, मुंबईलाच नेऊ. कागदावर सही मी केली. काकांच्या गाडीतून निघालो, गणपतीची गर्दी, लांज्याच्या अलीकडे बाबांना श्वास घेता येईना. कसंबसं रत्नागिरी गाठलं, एका खासगी हॉस्पिटलात रात्रीच स्टेंट (हृदयाची नळी उघडी ठेवणारी जाळी) टाकला म्हणून वाचले. आता दीड महिना झालाय. बाकी दोन नळ्यांत ब्लॉक आहेत आणि इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) एक व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, लीक दाखवतोय, बायपास आणि व्हॉल्व्ह एकदमच करावं लागेल म्हणतात. काका परत मुंबईच्या मागे लागलेत, गावचे डॉक्टर म्हणतात गोवा नाहीतर कोल्हापूर, आई म्हणते आता कुठेच नको. न्यायचं कुठे, कसं, आणि त्या रात्री मी चुकले का?
– एक मुलगी

उत्तर:

अगं, सहीचं आधी बोलते, कारण तू तो प्रश्न सगळ्यात शेवटी टाकलायस पण झोप तुझी त्यानेच उडालीय हे पत्रावरून दिसतंय.

त्या रात्री बाबांना तसं न्यायला नको होतं. गोड बोलून काही उपयोग नाही म्हणून सरळ सांगते. पण मुंबई निवडली हे मला त्यात तितकं मोठं वाटत नाही, मोठं हे की ज्याला नुकतंच गुठळीचं इंजेक्शन दिलंय असा माणूस गाडीच्या मागच्या सीटवर बसवून निघालात आणि पलीकडे त्याची वाट बघणारं कोणीच नव्हतं. ज्या मुंबईच्या हॉस्पिटलात चाललात तिथे फोन तरी केला होता का कोणी? पत्रात तसं काही नाही, म्हणजे नसणारच. मी आयुष्यभर मुंबईत सीसीयूत, म्हणजे हार्टच्या आयसीयूत, काम केलंय, असे पेशंट कॅज्युअल्टीच्या दारात यायचे, सोबत दहा नातेवाईक आणि हातात घडी घातलेला एक कागद, त्यावर इंजेक्शन किती वाजता दिलं तेच नाही. आणि सही तू केलीस म्हणजे काय, पेन तुझ्या हातात दिलं, कारण तू मुलगी आणि शिकलेली. ठरवणारे तिथे पाच-सहाजण होते, त्यांची पण ती सही धर, आणि हे काकांना ऐकवायचं असेल तर खुशाल ऐकव.

आता ते डॉक्टर बांबोळी का म्हणत होते ते समजून घे, कारण हे तुला पुढे पण लागणार आहे. इंजेक्शन दिलं म्हणजे अटॅक संपला असं घरच्यांना वाटतं, तसं नसतं. त्या इंजेक्शनने नळी उघडते, पण सगळ्यांची उघडत नाही. म्हणून तासा-दीड तासाने परत ईसीजी काढतात, वर गेलेली रेघ निम्म्याने तरी खाली आली का बघतात. नाही आली तर लगेच अँजिओग्राफी (नळ्यांत औषध सोडून ब्लॉक कुठे ते बघायची तपासणी), थांबायचं नाही. आली तरी साधारण ३ ते २४ तासांच्या आत अँजिओ करून घ्यायची असते, कारण आतला मूळ ब्लॉक तिथेच असतो. म्हणजे हलवायचं तर होतंच, दोन्ही बाजूंनी. आणि अशा वेळी कॅथलॅब (अँजिओग्राफी आणि स्टेंट जिथे करतात ती खोली) असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल बघतात, नाव किती मोठं ते नाही. कुडाळहून बांबोळी त्याच हायवेवर खाली ऐंशी-नव्वद किलोमीटर, मुंबई वर पाचशेच्या आसपास, त्यात चतुर्थीची गर्दी, तूच हिशोब कर.

दुसरं म्हणजे अटॅकच्या पहिल्या काही तासांत ठोके कधी बिघडतील सांगता येत नाही. हृदय नुसतं थरथरायला लागतं, रक्त पुढे जातच नाही, त्यावर उपाय एकच, शॉक, तोही मिनिटांत. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये डिफिब्रिलेटर त्यासाठीच असतो. गाडीत काय होतं, पाण्याची बाटली आणि अंगारा. बाबांना श्वास लागला तो बहुतेक फुफ्फुसात पाणी साठल्यामुळे, व्हॉल्व्हच्या लीकचा पण त्यात हात असेल. ऑक्सिजन आणि एक इंजेक्शन रस्त्यात मिळालं असतं तर रत्नागिरीपर्यंतचे ते हाल झाले नसते. असो. वाचले ना, मग झालं.

काका म्हणाले गोव्यात कोण विचारणार, तर ते अगदीच हवेत नव्हते बोलत. २०१८ पासून बांबोळीच्या जीएमसीत गोव्याबाहेरच्या पेशंटना फी लावली, तेव्हा दोडामार्गात केवढं आंदोलन झालं होतं, आपल्या सिंधुदुर्गातली माणसं पिढ्यानपिढ्या तिकडेच जात आलीत त्यामुळे लोकांना ते लागलंच. पण फी लावली म्हणजे दार बंद केलं असं नाही, आजही सावंतवाडी-बांद्याकडचा माणूस आधी तिकडेच धावतो. आणि हार्टच्या बाबतीत गोव्याने एक काम फार चांगलं केलंय, २०१८ च्या अखेरीपासून तिथे स्टेमी (म्हणजे नळी पूर्ण बंद होऊन येणारा मोठा अटॅक) म्हणून प्रोजेक्ट आहे, छोट्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढला की तो मोबाईलवरच्या मेसेजसारखा तिथल्या तिथे तज्ज्ञांकडे जातो, ते सांगतात अटॅक आहे की नाही, असेल तर इंजेक्शन तिथेच देऊन मग पेशंट बांबोळीला. म्हणजे असा दुसरीकडून हलवलेला पेशंट हाताळायची त्या लोकांना सवय आहे, हे मी फार महत्त्वाचं धरते.

आता तुझा खरा प्रश्न, ऑपरेशनला कुठे. इथे सगळा हिशोब उलटा होतो बघ. त्या रात्री जवळचं तेच बरोबर होतं, आता बाबा स्थिर आहेत, जेवतायत, अंगणात फिरतायत, तर अंतराने तेवढं बिघडत नाही, आठवडा इकडे तिकडे झाला तरी बहुतेक वेळा चालतं (किती थांबायचं ते मात्र सर्जनलाच विचार, तुझ्या-माझ्या मनाने नको). म्हणून मुंबई आता चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण काकांचं चेंबूरला घर आहे हे हॉस्पिटल निवडायचं कारण नाही होऊ शकत.

मी तुझ्या जागी असते तर आधी बाबांना कुठेच हलवलं नसतं, त्यांची सीडी हलवली असती. रत्नागिरीच्या अँजिओग्राफीची सीडी, नुसता रिपोर्ट नाही हां, रिपोर्टवर सर्जन ऑपरेशन ठरवत नाही, त्याला नळ्यांचा चालता पिक्चर बघायचा असतो. हॉस्पिटल म्हणालं सीडी मिळत नाही तर लेखी अर्ज दे, मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असा डॉक्टरांच्या कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम आहे. सोबत इको, डिस्चार्ज कार्ड, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), शुगर, आणि चालू गोळ्यांची यादी. हे घेऊन तू किंवा तुझा भाऊ, एकजण, बांबोळीच्या आणि कोल्हापूरच्या ओपीडीत जा. कोल्हापूरला सरकारी सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) हॉस्पिटल आहे, शिवाय खासगी पण बरीच आहेत. मुंबईचं पण मत घ्यायचं तर घे, पण त्यासाठी बाबांना आत्ता कोकण रेल्वेत बसवू नका.

आणि तिथे गेल्यावर सर्जनला लाजू नकोस. विचार की बायपास आणि व्हॉल्व्ह एकत्र तुमच्याकडे नेहमी होतं का. नुसता बायपास करणारे खूप आहेत, दोन्ही एकत्र म्हणजे जास्त वेळ हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनपुरतं हृदय-फुफ्फुसाचं काम तेच करतं), त्याला त्यातली सवय असलेली टीम पाहिजे, भूलवाले पण आणि नंतरच्या आयसीयूतल्या सिस्टर पण (मी हे म्हणणारच, पण खरंच आहे, पहिले दोन दिवस पेशंट सिस्टरच्या हातात असतो). मग विचार की व्हॉल्व्ह दुरुस्त करणार की बदलणार, बदलला तर धातूचा की टिश्यूचा (प्राण्याच्या ऊतीपासून केलेला). याचा गावाशी थेट संबंध आहे. धातूचा व्हॉल्व्ह टिकतो जास्त, पण रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी जन्मभर आणि त्यासाठी दर थोड्या दिवसांनी आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी रक्त तपासणी, डोस कमी पडला तर व्हॉल्व्हवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. आता तुझे बाबा पावसात चार महिने शेतात असतात आणि गोळी आठवण करून द्यायला आईच, तर हे सगळं कोण बघणार? सर्जनला तुम्ही कुठे राहता, लॅब किती लांब, हे सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही. ऑपरेशन झाल्यावर टाके, ड्रेसिंग, पहिल्या महिन्यातल्या फेऱ्या, एखाद दिवस ताप आला तर दाखवायला जाणं, हे धरून बघितलंस तर, दोन ठिकाणी काम सारखंच चांगलं होत असेल तर मी डोळे झाकून जवळचं घेईन. तुझ्या केसमध्ये मला गोवा आणि कोल्हापूर दोन्ही मुंबईच्या आधी दिसतात, मुंबईला तेव्हाच जा जेव्हा हे दोघेही म्हणतील की ही केस अवघड आहे, आमच्यापेक्षा अमुक ठिकाणी पाठवतो. तेव्हा ते स्वतः चिठ्ठी देतील आणि फोन पण करतील.

एक धोक्याची गोष्ट, ही अधोरेखित कर. बाबांना स्टेंट टाकून दीड महिनाच झालाय. त्यांना अ‍ॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल नाहीतर टिकाग्रेलोर ही रक्त पातळ ठेवायची दुसरी गोळी चालू असणार. ऑपरेशनच्या आधी ही दुसरी गोळी काही दिवस बंद करतात, क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस, नाहीतर ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही. आता होतं काय, कोणीतरी शेजारी सांगतो की बायपासच्या आधी रक्त पातळ करायची गोळी बंद करतात आणि घरचे तारीख ठरायच्या आधीच बंद करून टाकतात, आणि तो नवा स्टेंट अचानक बंद होतो. तो अटॅक आधीच्यापेक्षा वाईट असतो. गोळी कधी थांबवायची हे सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट दोघं मिळून ठरवणार, तोवर एक पण चुकवायची नाही. आणि दात दाखवून घ्या, हसू नकोस, किडलेल्या दातातला जंतू रक्तातून नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या ऑपरेशनआधी दात स्वच्छ करून घ्यायलाच लावतात आणि ऐनवेळी त्यात तारीख पुढे जाते. दात काढायचा निघाला तर डेंटिस्टला गोळ्यांचं आधी सांगा. बाबा तंबाखू खात असतील तर आजपासून बंद, यावर चर्चा नको.

पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रेशन कार्डांना आहे, १ जुलै २०२४ पासून पांढरं कार्ड पण चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. बायपास, व्हॉल्व्ह त्यात बसतं, पण हॉस्पिटल योजनेच्या यादीत पाहिजे आणि त्या आजारासाठी पाहिजे, हे १५५३८८ वर विचारून घे. रत्नागिरीच्या स्टेंटचं बिल योजनेतून गेलंय की खिशातून ते बघ, योजनेतून गेलं असेल तर यंदाच्या ५ लाखांतले किती उरलेत ते पण विचार. हॉस्पिटलात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं (योजनेच्या तिथल्या माणसाचं) टेबल शोधायचं, मंजुरी तो लावतो, आणि ती ऑपरेशनच्या आधी यायला पाहिजे, नंतर डोकं आपटून उपयोग नाही. गोव्याला गेलात तर आपल्या राज्याची योजना तिकडे आपोआप चालेल असं धरून जाऊ नका. केंद्राचं आयुष्मान कार्ड असेल तर ते दुसऱ्या राज्यात पण चालतं, पण तिथेही यादी आणि पॅकेज आधी विचारायचं, १४५५५ वर. या एका गोष्टीवरून कोल्हापूरचं पारडं जड होऊ शकतं हे खरंय. मुंबई-पुण्यातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो एवीतेवी काढूनच ठेव. आणि रेल्वेने गेलात तर हार्टच्या ऑपरेशनला जाणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला तिकिटात मोठी सवलत आहे, हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यायचा.

आता, देव न करो, ऑपरेशनच्या आधीच परत दुखलं तर. पित्त-बित्त काही नाही, सोलकढी पिऊन झोपवायचं नाही, १०८. आपल्याकडे २०१४ पासून ही सेवा आहे, फुकट, गाडीत डॉक्टर असतो. फोनवर पहिल्या वाक्यात सांग की स्टेंट टाकलेला पेशंट आहे आणि छातीत दुखतंय. जवळच्या हॉस्पिटलात ईसीजी आणि पहिलं औषध, आणि तिथून पुढे हलवायचं झालं तर डॉक्टर डॉक्टरशी बोलल्याशिवाय हलायचं नाही. पलीकडे कोणाशी बोललात, त्यांनी पाठवा म्हटलं का, आयसीयूत बेड धरलाय का, एवढं तू विचारू शकतेस, त्यात उद्धटपणा काही नाही. अ‍ॅम्ब्युलन्स मॉनिटर आणि डिफिब्रिलेटरवाली, नुसती स्ट्रेचरवाली व्हॅन नको, खासगी असेल तर आत डोकावून बघ. ऑक्सिजनचा हिशोब पण करायचा, मी नेहमी करायचे, लहान बी टाईप सिलिंडर भरलेला असला तर साधारण दीड हजार लिटर, मिनिटाला दहा लिटरने लावला तर अडीच तासांत रिकामा. बांबोळीला पुरतो, घाट चढून कोल्हापूरला ट्रॅफिक लागलं तर काठावर येतो, मग दुसरा पाहिजे. आणि चिठ्ठीवर इंजेक्शनचं नाव आणि वेळ, आधीचा आणि नंतरचा ईसीजी.

बेड नाही म्हणून दारातून परत पाठवायला लागले तर? १९९२ साली बंगालमध्ये एक शेतमजूर ट्रेनमधून पडला, डोक्याला मार, एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी सोय नाही, बेड नाही म्हणून पुढे ढकललं, शेवटी खासगीत उपचार घ्यावे लागले. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये सरकारला त्याला २५ हजार भरपाई द्यायला लावली आणि सांगितलं की तातडीचा उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, आणि कुठे बेड आहे ते आधी कळून पेशंट तिथेच जाईल अशी यंत्रणा उभी करा. निकाल येऊन इतकी वर्षं झाली, यंत्रणेचं काय झालं ते तू बघितलंसच, निम्मं काम अजून ओळखीच्या फोनवर चालतं. पण दारात भांडायची वेळ आली तर हा निकाल आहे एवढं माहीत असू दे, निदान प्राथमिक उपचार करून, स्थिर करून, मगच पुढे पाठवायला लागतं त्यांना.

आईचं "कुठेच नको" हे नाही म्हणून ऐकू नकोस, घाबरलीय ती, तिने गाडीत त्यांचा श्वास बघितलाय. हॉस्पिटल ठरवताना तिला धर, कारण तू नोकरीवर परत जाणार, काका मुंबईला जाणार, व्हरांड्यात बसणार ती. बांबोळीत तिचं मालवणी सगळ्यांना कळतं, डॉक्टर काय म्हणतात ते तिला कळतं, ही लहान गोष्ट नाही. मुंबईत मी अशा कितीतरी आया बघितल्यात ज्या लिफ्ट कुठली ते विचारायला पण बिचकायच्या.

राहिले काका. त्यांना वाईट ठरवू नकोस, मुंबईला राहणाऱ्या माणसाला आपल्या शहरातलंच मोठं वाटतं आणि भावासाठी जीव तुटतोच. त्यांना काम दे. रक्त लागेल चार-पाच बाटल्या, माणसं जमवायचं त्यांच्यावर सोपव, आणि मुंबईचं मत घ्यायचंच असेल तर सीडीची एक कॉपी त्यांच्याकडे दे, ते जाऊन रांगेत उभे राहतील. मूळ सीडी मात्र तुझ्याकडेच ठेव, आणि घरून निघायच्या आधी कॉम्प्युटरवर उघडते का बघून घे, अर्ध्या उघडतच नाहीत.